एक्केचाळीस ओळींची वही

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. पुराचा विषय निघाला, रुग्णालयाच्या बुडालेल्या कागदांचा विषय निघाला, की मी उठून पाणी प्यायला जात असे. बायकोलाही सांगितलं नाही. ज्या कामात माझ्या हातून हे घडलं ते काम आमच्या भागात माझ्याशिवाय कुणाला समजत नव्हतं, आणि ज्यांना समजत नाही त्यांच्यासमोर खोटं बोलायला फार हुशारी लागत नाही. नुसतं गप्प राहिलं तरी चालतं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, अक्षर मोठं काढावं लागतं, पण लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तीसेक वर्षं काढली, त्यातली निम्मी संगणक विभागात. निवृत्त झाल्यावर गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने बोलावून घेतलं. मुख्य रुग्णालय महाडात, बाजारपेठेच्या मागे. पोलादपूरला चढावर त्याचं एक उपकेंद्र होतं, दोन खोल्यांचं. तिथे आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर बसायचे. रोग्यांचे केसपेपर नुकतेच संगणकावर चढवले होते आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

महाडात राहणाऱ्याला पूर समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे दुकानात शिरलं की भिंतीवर रंगाची एक रेघ दिसते, मागच्या मोठ्या पाण्याची. माल तिच्या वर. रुग्णालयाचं मुख्य यंत्रही मी रेघेच्या वर हातभर उंच अशा लोखंडी मांडणीवर ठेवलं होतं. पण रेघ ही मागच्या पाण्याची असते, पुढच्या पाण्याची नसते. म्हणून मी रुग्णालयाच्या चिटणीसांना सुचवलं की सगळ्या माहितीची दुसरी प्रत पोलादपूरच्या उपकेंद्रात ठेवू. रोज कुणी नेऊन ठेवायची गरज नाही, इथे केसपेपर निघाला की तिथे आपोआप उतरेल. चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना कल्पना आवडली. रुग्णालयाच्या एका छोट्या समारंभात त्यांनी मला बोलायला उभं केलं आणि मी म्हणालो की आता महाड बुडलं तरी कागद बुडणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

काम समजायला कठीण नाही. तीन प्रोसेस होत्या. प्रोसेस म्हणजे यंत्रात सतत चालू राहणारा एकेक कामकरी म्हणा. पहिली महाडच्या यंत्रात, नवी नोंद झाली की तिची फाइल करून पाठवणारी. दुसरी पोलादपूरच्या यंत्रात, ती फाइल घेऊन एका जागी ठेवणारी. तिसरीही पोलादपूरलाच, ती फाइल उघडून प्रतीत उतरवणारी. पाठवणारी, घेणारी, उतरवणारी. तिन्ही चालू असतील तरच प्रत खरी. तिसरी बंद पडली तर आलेल्या फायली नुसत्या साठत राहतात, न फोडलेल्या टपालासारख्या. प्रत्येक प्रोसेससाठी एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते. यंत्र सुरू झाल्यावर ही आपोआप सुरू व्हावी की कुणी हाताने सुरू करावी, ते त्या ओळीत सांगायचं. मी तिन्हींपुढे ‘आपोआप’ लिहिलं होतं.

पोलादपूरला केसपेपर काढायला एक ताई होत्या. कापडे गावच्या. चाळिशीच्या आसपास, दहावी झालेल्या, नवरा मुंबईला एका गोदामात कामाला. उपकेंद्र उघडणं, झाडणं, रोग्यांची नावं घालणं, डॉक्टरांना चहा देणं, सगळं त्याच करायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून मोठेसुद्धा. मी ठरवून दिलं होतं की रोज सकाळी दहाला त्यांनी प्रतीतला शेवटचा केसपेपर नंबर मला फोनवर सांगायचा. मी तो महाडच्या नंबराशी ताडून रजिस्टरात लिहायचा. दोन रकाने, महाड आणि पोलादपूर. दोन्हींत एकच आकडा आला म्हणजे प्रत ठीक. शनिवारी चिटणीस रजिस्टरावर सही करत. ताई तो नंबर स्वतःसाठीही एका शाळेच्या वहीत लिहून ठेवत. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, “फोनवरचं हवेत जातंय साहेब. लिवलेलं रातं.”

उन्हाळ्यात पोलादपूरची वीज दिवसातून चार वेळा जायची. वीज परत आली की यंत्र उठायचं आणि तिसरी प्रोसेस घाईने सुरू होऊन अर्धवट आलेल्या फाइलीवर अडखळायची. अडखळली की एक संदेश माझ्या फोनवर येई आणि एक चिटणीसांच्या. लगेच त्यांचा फोन. आज परत काय झालं, तुम्ही तर आपोआप म्हणाला होता. असं आठ-दहा वेळा झालं. टाळ्या घेतलेल्या माणसाला हे झोंबतं. खरा उपाय एवढाच होता की तिसरीला थोडं थांबून सुरू व्हायला शिकवायचं. तो करायला दोन दिवस बसावं लागलं असतं. मी बसलो नाही. तिसरीच्या ओळीत ‘आपोआप’ खोडून ‘हाताने’ लिहिलं. आता वीज आली की मी महाडातून तिला सुरू करणार आणि बंद असली तरी संदेश जाणार नाही. हे तात्पुरतं आहे असं मी स्वतःला सांगितलं. ताईंना सांगितलं नाही, चिटणीसांनाही नाही.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी पोलादपूरला विजा कडाडायला लागल्या. आमच्याकडे गडगडलं की माणसं आधी भिंतीकडे धावतात. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांच्या पिना बाहेर. बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. एकदा तरी कुणाचा तरी टीव्ही जळालेला असतो, म्हणून ती शिस्त घरोघरी आहे. त्या दिवशी उपकेंद्रातही तसंच झालं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर तिथे होता, तो पुढे मला हसत सांगत होता. तो ताईंना म्हणाला होता, “डॉक्टरांची पण पिन काढा गो ताई, लोखंडी खुर्चीत बसलेत.” डॉक्टर हसले आणि खरोखरच उठून लाकडी बाकावर जाऊन बसले. ताईंनी फ्रिजची पिन काढली, पंख्याचं बटण बंद केलं आणि यंत्राची पिन काढली. गडगडाट थांबल्यावर परत लावली. मग मला फोन केला.

मी त्या दिवशी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन हिरकणीवाडीला होतो. गडावर जायच्या रोपवेच्या रांगेत. मी विचारलं, हिरवा दिवा लागला का. त्या म्हणाल्या, लागला. मग झालं, म्हणालो. तो दिवा यंत्राचा होता, प्रोसेसचा नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन तिसरी सुरू करायची असं मनात होतं. पाहुण्यांच्या जेवणात विसरलो.

दुसऱ्या दिवशी दहाला ताईंनी नंबर सांगितला. अठरा हजार तीनशे बारा. आदल्या दिवशीचाच. मी म्हणालो, लाइन मंद आहे, उशिरा येईल. मग आठवलं. पण महाडातून त्या यंत्रात शिरायचा मार्ग नेमका तेव्हाच अडला होता. फायली रांगत जात होत्या, मला मात्र आत जाता येईना. पोलादपूर फार लांब नाही. पण रस्त्याचं काम चालू होतं, चिखल होता, माझे गुडघे दुखत होते. रविवारी जाऊ म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच नंबर. ताई म्हणाल्या, “साहेब, हलत नाय हो नंबर. काय दाबायचं असेल तर सांगा. मी दाबते.”

प्रोसेस सुरू करायला टाइप करायची एक ओळ होती. इंग्रजीत चार शब्द आणि एक पासवर्ड. त्या रोज रोग्यांची नावं इंग्रजीत टाइप करत होत्या. मी सांगत गेलो असतो तर त्यांनी मिनिटभरात टाइप केलं असतं. मी म्हणालो, “ते तुमचं काम नाही, ताई. तुम्ही फक्त नंबर सांगा.”

 आठवड्याभराने त्यांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं, मीही तेच उत्तर दिलं. त्यानंतर त्यांनी फक्त नंबर सांगितला. रोज दहाला. अठरा हजार तीनशे बारा.

आणि मी रजिस्टरात काय लिहिलं? पहिल्या शनिवारी चिटणीस सही करायला येणार होते. मी महाडच्या रकान्यातला आकडा पोलादपूरच्या रकान्यातही लिहिला. तीन दिवसांचे तीन आकडे. रविवारी जाऊन प्रोसेस सुरू केली की ते खरे होणारच होते. रविवारी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात सहा आकडे लिहिले. एकदा आठवडाभराचं खोटं कागदावर आलं की ते थांबवायला कारण द्यावं लागतं आणि माझ्याकडे कारण नव्हतं. महाडच्या पडद्यावर मध्येच एक सूचना आली की पलीकडे फायली ठेवायला जागा उरलेली नाही. न उघडलेल्या टपालाने पेटी भरली होती. म्हणजे आता घेणारीही थांबली. मी ती सूचना बंद केली. हेही लिहून ठेवतो, कारण हे फक्त मलाच माहीत आहे.

सात आठवडे असे गेले. मग पाणी आलं.

पुराबद्दल मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना माझ्या वर्णनाने कळणार नाही. एवढंच सांगतो की रेघ खाली राहिली आणि मांडणीही खाली राहिली. पाणी उतरल्यावर यंत्र उघडलं तर आत बोटभर गाळ. रजिस्टर लगदा झालं होतं. खरं सांगतो, त्या लगद्याकडे बघून मला आधी बरं वाटलं.

दरडी बाजूला करून रस्ता सुरू झाला तेव्हा मी ॲम्ब्युलन्समधून पोलादपूरला गेलो. उपकेंद्रात दरडीखालून वाचलेली माणसं होती, बाहेरच्या चुलीवर भात शिजत होता. ताई तीन दिवस घरी गेल्या नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, “आलात साहेब. आपलं यंत्र कोरडं हाय बघा.” त्यांनी ते प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कपाटावर चढवून ठेवलं होतं.

मी बसलो आणि तिसरी प्रोसेस हाताने सुरू केली. साठलेल्या फायली एकेक करून प्रतीत उतरू लागल्या. ताई मागे भाताचा डाव घेऊन उभ्या होत्या. पडद्यावरचा आकडा बदलताना बघून त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, “हलला की नंबर!” मी म्हणालो, हो, लाइन आली. अकरा दिवसांच्या नोंदी उतरल्या आणि आकडा थांबला. पेटीत तेवढंच होतं. बाकीच्या पाच-साडेपाच आठवड्यांच्या नोंदी महाडच्या गाळात होत्या. डोंगरावरच्या वाड्यांतून तपासायला आलेल्या गरोदर बायका, तुडील गावचा एक साखरेचा रोगी ज्याचं औषध तीनदा बदललं होतं, कुणाला कशाची रिअॅक्शन, सगळं गेलं.

ताई भात बघायला बाहेर गेल्या. मी ती फाइल उघडली आणि तिसरीच्या ओळीत ‘हाताने’ खोडून पुन्हा ‘आपोआप’ लिहिलं. फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख यंत्राने नोंदवली असणार. ती कुठे बघायची हे तिथे फक्त मलाच ठाऊक होतं.

विश्वस्तांची बैठक एका शाळेच्या वरच्या मजल्यावर झाली, कारण रुग्णालयात अजून चिखल होता. बाकांवर पाच जण. ताईंना बोलावलं होतं. जिन्यात त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. “तुम्हीच दाखवा साहेब. मला येवढ्या माणसांत बोलायला नाय जमायचं. सगळे नंबर हायेत त्याच्यात.” मी वही माझ्या बॅगेत ठेवली.

चिटणीसांनी मला विचारलं, प्रत मागे का राहिली. मी म्हणालो, जूनमध्ये यंत्राची वीज मध्येच तुटली, तिथून प्रतीत बिघाड झाला. वाक्य खोटं नव्हतं. प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा होता. ते ताईंकडे वळले आणि पिन काढली होती का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, विजा चमकत होत्या, सगळ्यांनीच काढल्या.

“सगळ्यांचं विचारलेलं नाही. यंत्राची तुम्ही काढलीत का?”

“काढली.”

मग ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, बॅगेकडे. बॅग माझ्या पायाशी होती. तिची चेन ओढायला कितीसा वेळ लागतो? एका विश्वस्ताने विचारलं, मग रोज नंबर जुळत होता तो कसा. चिटणीस म्हणाले, रजिस्टरावर मी स्वतः सह्या केल्यात, जुळत होता, म्हणजे पोलादपूरहूनच चुकीचे सांगितले गेले असणार. ताईंनी पुन्हा बॅगेकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. जिन्यात त्या थांबल्या होत्या. “वही?” एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, वेळ आली की दाखवतो. त्यांनी मान हलवली आणि एस.टी. धरायला निघून गेल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नोकरी गेली हे एक झालं. पण गावात नाव गेलं ते वाईट. ड्रायव्हर मला सांगायचा, कापड्यात बायका त्यांना पिनवाली म्हणतात. गडगडलं की कुणीतरी हाक मारतं, पिनवाले, जा गो, काढ जाऊन पिना, परत गाव बुडव. त्याला ते गमतीचं वाटे. रुग्णालयात आलेल्या एखाद्या म्हातारीला जुना कागद सापडला नाही की ती पण म्हणे, त्या पोलादपूरच्या बाईनं घालवला. मी समोर बसलेला असे.

एकदा मी कापड्याला गेलो. दोन वर्षांनी. वही बॅगेत घेतली होती. काय बोलायचं ते महाडपासून घोकत गेलो. लावणीचे दिवस होते. ताई शेतातून आल्या, पाय धुतले, ओटीवर घोंगडी अंथरली आणि चहा ठेवला. नवरा मुंबईहून लावणीला आला होता. तो माझ्याशी फारसं बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. पावसाचं बोलणं झालं, माझ्या गुडघ्यांचं झालं. एवढ्या गुडघ्यांनी चढून आलात, म्हणाल्या. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता. चहाचा कप खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, “साहेब, वही आणली का?”

बॅग माझ्या मांडीवर होती. दोन्ही हात तिच्यावर होते.

“घरी राहिली,” मी म्हणालो.

“राऊ दे मग,” त्या म्हणाल्या. नवरा त्यांच्याकडे बघत होता. त्या कप उचलून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या, निसरडं हाय, दगडावरनं जपून जा म्हणाल्या.

त्यानंतर मी गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर भेटला, तोही आता थकलाय. बोलता बोलता म्हणाला, ती आपली पिनवाली ताई गेली की. तीन आठवडे झाले. पोटाचं काहीतरी होतं, मुंबईला नेलं होतं, उशीर झाला. तो पुढे दुसरंच काही बोलत राहिला.

मी रुग्णालयात गेलो. चिटणीस त्याआधीच वारले होते. आता तिथे एक व्यवस्थापक आहेत, तिशीचे. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. म्हणाले, काका, ते जुनं सगळं काढून टाकलं, आता बाहेरची कंपनी बघते, पोलादपूरचं यंत्र कधीच भंगारात गेलं. मी म्हणालो, मला दुरुस्त करायचंय. ते म्हणाले, कशात करणार? खरंच, कशात करणार? जिथे ते खोटं लिहिलं होतं ते रजिस्टर पुरात गेलं. ज्यांनी ऐकलं त्यातले निम्मे गेले, उरलेल्यांना आठवत नाही. कापड्यातल्या बायकांना मात्र पिनवाली आठवते.

वही माझ्यासमोर आहे. वर गणपतीचं चित्र, आत निळ्या शाईत आधी रोज वाढत गेलेले आकडे आणि मग या एक्केचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत वार आणि तोच आकडा. यातल्या तिसऱ्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलंय, साहेबांना सांगितले. दहाव्या ओळीपुढे पुन्हा. त्यानंतर काही लिहिलेलं नाही, नुसता आकडा.

कापड्याच्या चढावर मी घोकत गेलो होतो ते फार मोठं नव्हतं. ताई, तुम्ही सांगितलेला नंबर रोज बरोबर होता, खोटा मी लिहिला. पिन काढल्याने काही बिघडलं नाही, जे बिघडलं ते मी केलं होतं, आणि तुम्हाला चार शब्द सांगितले असते तर तेही सुधारलं असतं. ही तुमची वही. मला माफ करा.